सांगोला विधानसभा मतदारसंघ: निवडणुकांचा इतिहास

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील सर्वसाधारण (आरक्षण नसलेला) विधानसभा मतदारसंघ असून त्याचा क्रमांक २५३ आहे. संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ एवढा त्याचा विस्तार. २००८ च्या पुनर्रचनेपासून लोकसभेसाठी तो माढा मतदारसंघात मोडतो. त्याआधी पंढरपूर या राखीव मतदारसंघात होता. १९६२ पासून आजपर्यंत येथून फक्त चार जण विधानसभेत गेले: गणपतराव देशमुख, काकासाहेब साळुंखे-पाटील, शहाजीबापू पाटील आणि बाबासाहेब देशमुख. साठ वर्षांहून अधिक काळात चार आमदार, आणि त्यांत एकही महिला नाही.

या मतदारसंघाचे नाव निघाले की गणपतरावांच्या अकरा विजयांचा उल्लेख होतो आणि ‘शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) बालेकिल्ला’ असे म्हणून विषय संपतो. विक्रम खरा असला तरी त्या शब्दाने एक गोष्ट झाकली जाते. सांगोला तालुका राजकीयदृष्ट्या कधीच एकतर्फी नव्हता. येथे विरोधी गट कायम तगडा राहिला, आणि १९९५ पासून शेकापचा उमेदवार दोनदा पडला तो दोन्ही वेळा हजाराच्या आतल्या मतांनी.

तालुका माणदेशातला, कमी पावसाचा. माण नदीचे पात्र वर्षातला बराच काळ कोरडे असते. खिलार जनावरांचा बाजार आणि अलीकडच्या काळात डाळिंब ही येथील ओळख. पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीचा रस्ता बहुतेक ठिकाणी सहकारी साखर कारखान्यातून गेला. उसाला पुरेसे पाणीच नसलेल्या या भागात तसे होणे अवघड होते. येथे सत्तेचे केंद्र उभे राहिले ते सूतगिरणीभोवती, तेही कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात. गणपतरावांच्या पुढाकाराने सुरू झालेली शेतकरी सहकारी सूतगिरणी आणि नंतरची महिलांची सूतगिरणी या दोन संस्थांनी गावोगावी पक्षाला माणसे जोडून दिली. धनगर समाजाची मोठी संख्या हाही येथील गणिताचा भाग आहे आणि गणपतराव त्याच समाजातले होते. मात्र केवळ त्या आधारावर पन्नास वर्षे निवडून येता येत नाही. शेकापला येथे सर्व जातींतल्या छोट्या शेतकऱ्यांची मते मिळत आली, म्हणूनच हा पक्ष टिकला.

गणपतरावांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा; शिक्षणाने ते वकील. १९६२ ची निवडणूक महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली. संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर ओसरला होता आणि काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापच्या वाट्याला १५ जागा आल्या, त्यांतली एक सांगोल्याची. १९६७ मध्ये गणपतरावांनी ती राखली. १९७२ ला मात्र इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्या साली राज्यभर काँग्रेसने २२२ जागा जिंकल्या होत्या, त्यामुळे या पराभवाचे नवल वाटायला नको. नवल आहे ते पुढच्याचे: १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेस राज्यात भक्कम सत्तेवर असताना, दुष्काळाने पोळलेल्या या तालुक्याने गणपतरावांना परत पाठवले.

तेथून सलग एकवीस वर्षे जागा त्यांच्याकडे राहिली. १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० या चारही सार्वत्रिक निवडणुका त्यांनी जिंकल्या. आणीबाणी उठल्यानंतर काही महिने ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, आणि १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात मंत्री झाले. मंत्रिपद आले आणि गेले, मतदारसंघातला वावर बदलला नाही. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ख्याती याच काळात राज्यभर पसरली. वृत्तपत्रांना ती गोष्ट फार आवडायची. तालुक्यातल्या लोकांना तिचे विशेष वाटत नसे, कारण त्यांना ते रोजच दिसत.

१९९३ पासून पाण्याच्या प्रश्नाला वेगळे वळण लागले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले तेरा तालुके तिच्यात होते आणि मागणी होती कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची. गणपतराव या चळवळीचे एक प्रमुख नेते होते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी सांगोल्याला मिळावे, ही मागणी तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत आहे. पाणी आणल्याचे श्रेय कोणाचे यावर आजही दोन्ही गट सभा गाजवतात. खरे तर योजना इतक्या रेंगाळल्या की श्रेय घ्यायला येथे तीन पिढ्यांचे उमेदवार मिळाले.

आंदोलन जोरात असतानाच १९९५ ची निवडणूक आली आणि गणपतराव पडले. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील १९२ मतांनी निवडून आले. चिकमहूदचे शहाजीबापू तेव्हा तरुण होते आणि ग्रामीण ढंगाच्या भाषणांसाठी ओळखले जात. राज्यात त्या वेळी शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली आणि अपक्षांची संख्या मोठी होती. सांगोल्यात मात्र लढत जुन्याच धर्तीची, शेकाप विरुद्ध काँग्रेस अशी झाली. या एका विजयाने तालुक्यातल्या शेकापविरोधी मतांना चेहरा मिळाला. पुढच्या जवळजवळ तीन दशकांत पक्ष बदलले, चिन्हे बदलली, पण गणपतरावांच्या, आणि नंतर त्यांच्या घराच्या, समोर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा तोच राहिला.

१९९९ मध्ये गणपतरावांनी जागा परत मिळवली. दोन्ही काँग्रेसच्या आघाडी सरकारात शेकाप सामील झाला आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव पुन्हा मंत्री झाले. २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला. त्यानंतर २००४, २००९ आणि २०१४ असे आणखी तीन विजय. या काळातली शेकापची राज्यातली स्थिती शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. २००४ मध्ये पक्षाचे दोनच आमदार निवडून आले, २००९ मध्ये चार, २०१४ मध्ये तीन. सांगोला सोडला तर ते सगळे रायगड जिल्ह्यातले. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातली पक्षाची जुनी ठाणी एकेक करून काँग्रेस, राष्ट्रवादी किंवा शिवसेनेत विरून गेली होती. ज्या वर्षी मोदी लाटेत राज्यातले भले भले पडले, त्या २०१४ साली वयाची पंच्याऐंशी ओलांडलेल्या गणपतरावांनी शिवसेनेच्या तिकिटावर उभ्या असलेल्या शहाजीबापूंना २५ हजारांहून अधिक मतांनी हरवले.

हा त्यांचा अकरावा विजय. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेत जाणे हा महाराष्ट्रातला विक्रम आहे. तो देशातला विक्रम असल्याचे अनेक ठिकाणी छापले जाते, ते बरोबर नाही. केरळात के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. गणपतरावांचे वेगळेपण आकड्यापेक्षा दुसरीकडे आहे. माणी आणि चंडी यांच्या आघाड्या आलटून पालटून सत्तेवर येत होत्या. गणपतराव अकरा विजयांतला बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते, आणि त्यांनी पक्षही कधी बदलला नाही.

२०१९ मध्ये वयामुळे ते उभे राहिले नाहीत. पक्षाने आधी भाऊसाहेब रूपनर यांचे नाव पुढे केले, नंतर ते मागे घेऊन गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. या गोंधळाची किंमत किती, हे मोजणे अवघड. पण निकाल पाहता ती नगण्य नसावी. शिवसेनेचे शहाजीबापू ७६८ मतांनी विजयी झाले. त्यांना ९९ हजारांवर मते पडली, अनिकेत यांना ९८ हजारांवर. चोवीस वर्षांनी पुन्हा तोच माणूस, पुन्हा तसाच निसटता विजय. शेकापला राज्यात त्या वेळी नांदेड जिल्ह्यातली लोहा ही एकच जागा मिळाली आणि १९९९ नंतर प्रथमच सांगोला पक्षाच्या यादीतून गेला. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले.

जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडात शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले. तेथून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी केलेले ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे वर्णन राज्यभर गाजले आणि सांगोल्याचे आमदार घरोघरी माहीत झाले. प्रसिद्धीचा उपयोग मतपेटीत होतोच असे नाही. तालुक्यात त्यावर हसणारे जितके होते, तितकेच आपल्या आमदाराची थट्टा चालली आहे म्हणून वैतागणारेही होते. शिंदे सरकारच्या काळात मंजूर झालेल्या निधीवर आणि पाणी योजनांवर शहाजीबापूंनी पुढची निवडणूक लढवली.

२०२४ ची लढत तिरंगी झाली. महाविकास आघाडीत जागा शेकापला सुटेल असा सर्वसाधारण समज होता. पण राष्ट्रवादीतून (अजित पवार गट) ऐनवेळी आलेल्या दीपक साळुंखे-पाटील यांना उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने उमेदवारी दिली आणि शेकापला स्वतंत्र उतरावे लागले. देशमुखांच्या घरातही उमेदवारीवरून अनिकेत आणि बाबासाहेब या दोन चुलत भावांत रस्सीखेच होती, अखेर डॉ. बाबासाहेब देशमुख यांचे नाव ठरले. त्यांना १ लाख १६ हजारांवर मते मिळाली. शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे असलेले शहाजीबापू ९१ हजारांच्या घरात थांबले, साळुंखे ५१ हजारांच्या आसपास राहिले. मताधिक्य २५ हजारांहून अधिक, म्हणजे आजोबांच्या शेवटच्या विजयाइतकेच.

साळुंखे उभे राहिल्याने फायदा कोणाचा झाला, यावर दोन मते आहेत. त्यांची मते एरवी शहाजीबापूंकडे गेली असती असे मानले तर शेकापचा विजय मतविभागणीचा ठरतो. उलट, ते आघाडीचे उमेदवार असल्याने त्यांनी सत्ताविरोधी मते खाल्ली आणि शेकापचे मताधिक्यच कमी झाले, असेही म्हणता येते. आकडेवारीवरून याचा निवाडा होत नाही. एवढे मात्र दिसते की २०१९ च्या तुलनेत शेकापची मते सुमारे साडेसतरा हजारांनी वाढली आणि शहाजीबापूंची साधारण साडेआठ हजारांनी घटली. म्हणजे तिसरा उमेदवार असतानाही पक्षाने नवी मते मिळवली. महायुतीच्या त्या प्रचंड विजयात राज्यभरातून शेकापचा एकच आमदार निवडून आला. रायगडातल्या अलिबाग, पेण आणि उरणमध्ये पक्ष हरला. सांगोल्याची जागा तेवढी हाती लागली.