अवटुग्रंथीचे आत्मप्रतिरक्षा विकार आणि मधुमेहाची प्रतिपिंडे

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवटू म्हणजे थायरॉईड ग्रंथीवर उलटल्याने होणारे विकार, मुख्यतः हाशिमोटो (अवटुस्राव घटवणारा) व ग्रेव्ह्ज (तो वाढवणारा) विकार, आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी), ही एकाच व्यक्तीत वा कुटुंबात निव्वळ योगायोगाने घडेल त्याहून पुष्कळ अधिक वेळा एकत्र आढळतात. हा संबंध बीटा पेशी नष्ट झाल्याने होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या (टाईप १) मधुमेहाशी आहे, प्रौढांत सर्रास दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकाराशी नव्हे. खेड्यापाड्यांत दोन्हींना ‘शुगर’च म्हणत असल्याने हा भेद आरंभीच नोंदवणे इष्ट.

हाशिमोटो हाकारू या जपानी शल्यविशारदाने लसीकापेशींनी (प्रतिकारयंत्रणेतील पांढऱ्या पेशींनी) भरलेल्या गलगंडाचे वर्णन १९१२ मध्ये केले. त्यामागील आत्मप्रतिरक्षेचा पुरावा मात्र १९५६ मध्ये हाती आला. त्या वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक, कॅम्पबेल व हडसन यांना अशा रुग्णांच्या रक्तद्रवात थायरोग्लोब्युलिन या अवटुग्रंथीतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, तर अमेरिकेत रोझ व विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच अवटुग्रंथीचा अर्क टोचून तसा दाह घडवून आणला. मधुमेहाची प्रतिपिंडे १९७४ मध्ये बोताझो, फ्लोरिन-क्रिस्टेन्सेन व डोनियाक यांनी नोंदवली. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते : ती प्रथम साध्या मधुमेही रुग्णांत नव्हे, तर मधुमेहाबरोबर इतर अंतःस्रावी ग्रंथींचेही आत्मप्रतिरक्षा विकार असलेल्यांत सापडली. म्हणजे आज ज्याला दोन विकारांचा ‘संबंध’ म्हटले जाते, त्याच्याच वाटेने मधुमेहाच्या प्रतिपिंडांचा शोध लागला, आणि डेबोरा डोनियाक यांचा हात दोन्ही शोधांत होता.

नामाभिधानाबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही. श्मिट यांनी १९२६ मध्ये अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल) व अवटू या ग्रंथींचा एकत्रित ऱ्हास वर्णिला, आणि त्यात मधुमेहाची भर १९६४ मध्ये कार्पेंटर व सहकाऱ्यांनी घातली. काही लेखक तिन्हींना श्मिट यांचेच नाव देतात, काही देत नाहीत. न्यूफेल्ड व ब्लिझर्ड यांनी १९८० मध्ये केलेल्या वर्गवारीत अधिवृक्क ग्रंथी शाबूत असून अवटुविकार व मधुमेह एकत्र आल्यास तो बहुग्रंथी विकाराचा तिसरा प्रकार ठरतो. अधिवृक्क विकार पुढे कित्येक वर्षांनीही प्रकट होऊ शकत असल्याने तिसरा प्रकार दुसऱ्यातच, म्हणजे अधिवृक्क ऱ्हास असलेल्या प्रकारातच, गणण्याची अलीकडची पद्धत अधिक सयुक्तिक वाटते.

कारणमीमांसेत दोन विचार आढळतात. पहिल्यानुसार दोन्ही ग्रंथींत प्रतिकारयंत्रणेला सारखे दिसणारे घटक असावेत. ग्लुटामेट डीकार्बोक्सिलेज म्हणजे ‘गॅड’ हे विकर (एन्झाइम) केवळ बीटा पेशींपुरते नसून मेंदूतही असते, ही बाब त्या संदर्भात पुढे केली जाते. दुसऱ्यानुसार मूळ सामाईक आनुवंशिकतेत आहे : प्रतिकारयंत्रणेला स्वकीय-परके ओळखण्यास मदत करणाऱ्या एचएलए जनुकांचे डीआर३ व डीआर४ हे प्रकार, तसेच सीटीएलए४ व पीटीपीएन२२ ही जनुके दोन्ही विकारांची प्रवृत्ती वाढवतात. उपलब्ध पुरावा दुसऱ्या विचाराकडे झुकतो. मात्र पीटीपीएन२२चा युरोपीय लोकांत महत्त्वाचा ठरलेला भेद आशियाई लोकांत विरळा आहे, आणि भारतीय रुग्णांत डीआर३चा संबंध अधिक ठळक दिसतो. त्यामुळे पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे. आयोडीनयुक्त मिठाने अवटुदाह वाढतो की नाही, हा वाद वेगळा आहे. त्याने मधुमेहाच्या प्रतिपिंडांचा उलगडा होत नाही.

हा संबंध दोन्ही दिशांनी सारखा बळकट नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींपैकी सुमारे १७ ते ३० टक्क्यांत आत्मप्रतिरक्षा अवटुविकार आढळतो, स्त्रियांत अधिक. उलट, केवळ अवटुविकार असलेल्यांपैकी थोड्यांतच गॅड प्रतिपिंडे मिळतात, आणि ती एकटी व कमी प्रमाणात असल्यास अनेकदा मधुमेह होत नाही. जोखीम असलेल्या मुलांच्या २०१३ मधील एका एकत्रित अभ्यासात दोन किंवा अधिक प्रतिपिंडे असलेल्यांपैकी दहा वर्षांत सुमारे ७० टक्क्यांना मधुमेह झाला, एकच प्रतिपिंड असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना.

ग्रामीण विदर्भात प्रतिपिंडांपेक्षा टीएसएच (अवटूला चालना देणाऱ्या संप्रेरकाची रक्तातील पातळी) तपासणीच व्यवहारात उपयोगी पडते. मधुमेहाचे निदान होऊन साखर स्थिरावल्यावर ती करावी, नंतर दर एक-दोन वर्षांनी. अवटुस्राव घटल्यास इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते. नेहमीच्या मात्रेवर साखर वारंवार उतरू लागते. सकाळीच कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईत हे अंगमेहनतीचे वा उपाशीपोटाचे फळ समजले जाते व टीएसएच राहून जाते. उलट, साखर चढल्यास अवटुस्राव वाढल्याची शंका घेण्याआधी इन्सुलिनची कुपी पाहावी : चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि फ्रिज नसलेल्या घरी डबीत बंद केलेली कुपी माठात ठेवली नसेल तर औषधाचा गुण ओसरतो. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा) अहवालही फसवा असू शकतो. सिकलसेलमध्ये तो विश्वासार्ह नसतो आणि अवटुस्राव घटल्यास खोटा वाढीव येऊ शकतो, त्यामुळे दोन्ही असल्यास ग्लुकोमीटरच्या नोंदींवर भिस्त ठेवणे बरे.

घटलेल्या अवटुस्रावाची भरपाई करणारी थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. ती सुरू करण्यापूर्वी अधिवृक्क ग्रंथीच्या ऱ्हासाची लक्षणे, विशेषतः उभे राहताच येणारी भोवळ, घटते वजन व तळहाताच्या रेषांचा काळेपणा, तपासणे आवश्यक आहे. अन्यथा गोळीनेच जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेही स्त्रियांत प्रसूतीनंतरच्या अवटुदाहाचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो, म्हणून प्रसूतीनंतर तीन व सहा महिन्यांनी टीएसएच पाहण्याची शिफारस आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि उपचाराचे कागद सासरच्या आरोग्य केंद्रात राहतात; या दोन तारखा माता-बाल संरक्षण कार्डावरच लिहून दिल्यास दोन्हीकडच्या आशाताईंना त्या दिसतात.