रानडुक्कर, ठासणीची बंदूक आणि ३१५ बोअर : आपल्याकडं हीच हत्यारं का?

भुईमुगाला शेंगा धरायला लागल्या की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात वारणाकाठी रात्रीच्या बॅटऱ्या फिरायला लागतात, डबे वाजतात, फटाके फुटतात, आणि सकाळी नांगरल्यासारखं उकरलेलं रान बघून झालं की बांधावर पोरं मोबाईल काढून अमेरिकेतल्या डुक्कर शिकारीचे व्हिडिओ बघत बसतात. मग विषय एकच, डुकराला ३०८ ची गोळी चांगली का ६.५ क्रीडमोरची, कुठली रायफल, किती ग्रेन वजनाची गोळी. मला त्या पोरांचं वाईट वाटतं कारण पीक त्यांचंच गेलेलं असतं, पण ते ज्या कपाटातनं रायफल निवडायला बघतात ते कपाट आपल्याकडं कधी नव्हतंच. आपल्याकडं डुकराला कुठली बंदूक हे डुकराच्या अंगावरनं ठरलं नाही, सरकारला कुठल्या बंदुकीची भीती वाटत होती त्यावरनं ठरलं, आणि ही गोष्ट दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

आधी अमेरिकेचं सांगतो म्हंजे तुलना मिटेल. तिकडं डुक्कर मूळचं नाहीच. १५३९ मध्ये दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर पाळीव डुकरं होती, त्यातली आणि नंतर आलेल्या वसाहतवाल्यांची सुटून रानात गेली, पुढं १९१२ ला नॉर्थ कॅरोलायनात शिकारीसाठी म्हणून युरोपातली रानडुकरं आणून ठेवली तीही कुंपणातनं पळाली, आणि सगळ्यांची सरमिसळ झाली. म्हणून तिकडचा कायदा त्याला उपद्रवी पाहुणा समजतो, टेक्सासात तर २०११ पासून हेलिकॉप्टरमधनं मारायलासुद्धा परवानगी आहे. आपलं डुक्कर जात म्हणून तेच, सुस स्क्रोफा, पण इथलंच आहे, पाठीवर आयाळ असलेलं, बिबट्याच्या आणि वाघाच्या ताटातलं. चांदोली-कोयनेच्या रानात वाघानं जगायचं तर त्याला डुक्कर लागतंच.

बंदुकीच्या आधी इथं डुक्कर मारायचे ते वाघर, कुत्री आणि भाला घेऊन. वाघर म्हंजे जाडजूड दोरीचं जाळं, ते ओढ्याच्या तोंडाला लावायचं आणि वरनं हाका करत यायचं. यात रामोशी, बेरड, पारधी लोकांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि कुत्र्यावर तर सगळा खेळ, कारण डुकरानं मुसंडी मारली की पहिलं पोट फाटायचं ते कुत्र्याचंच. शिकारी कुत्र्याची किंमत साताऱ्याला वेगळी सांगायला नको, संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात.

इंग्रज आले ते घोड्यावर बसून भाल्यानं डुक्कर मारायचे, त्याला पिगस्टिकिंग म्हणायचे. बंगालकडं आखूड जड भाला वरनं खाली मारायचा, आणि आपल्या मुंबई इलाख्यात लांब हलका भाला खालनं धरायचा. जिथं हा खेळ चालायचा तिथं डुकराला गोळी घालणं साहेबाला लाजिरवाणं वाटायचं, म्हंजे शेतकऱ्याचं पीक जाऊ दे पण खेळ बिघडता कामा नये. पाटण-जावळीच्या कड्याकपारीत घोडा पळवून कोण मरणार, म्हणून डोंगराकडं हाका आणि बंदूक हीच पद्धत राहिली.

आता खरा मुद्दा. १८५७ झालं. एनफिल्ड रायफलच्या काडतुसावरनं ठिणगी पडली हे शाळेत शिकलोय सगळे, पण त्यानंतर काय झालं ते शिकवत नाहीत. इंग्रजांनी देशी शिपायांकडनं रायफल, म्हंजे नळीत आतनं पीळ असलेली बंदूक, काढून घेऊन त्यांना आतनं गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, लांबचा नेमच लागू नये म्हणून, आणि पुढं कित्येक वर्षं देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं असं धोरण ठेवलं. जे शिपायाला द्यायला भीती वाटते ते रयतेला कोण देणार! १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात आर्म्स ॲक्ट आला, हिंदी माणसाला लायसनशिवाय बंदूक नाही आणि युरोपियन लोकांना मोकळीक. हा भेदभाव आपल्या लोकांच्या मनाला इतका लागला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क मुद्दाम घातलेला आहे.

मग बोअरचा, म्हंजे इंचाच्या हजारांशात मोजलेल्या नळीच्या मापाचा, खेळ सुरू झाला, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. सरकारचं गणित सोपं होतं, लष्कराची गोळी खाजगी बंदुकीत बसता कामा नये, म्हंजे चोरलेलं काडतूस बंडखोराच्या उपयोगाला येणार नाही. लष्कराकडं मार्टिनी हेन्री होती तिची गोळी ४५० ची, म्हणून १९०७ च्या सुमाराला हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफली आणायलाच बंदी घातली, आणि लंडनचे बंदूकवाले बिचारे हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी ४६५, ४७०, ४७५ असे आकडे काढत बसले. राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यातल्या त्या भारी डबल बॅरल रायफलींचे असले विचित्र आकडे असतात ते वाघाच्या किंवा गव्याच्या मापानं आलेले नाहीत, या बंदीतनं आलेत.

नंतर लष्करात थ्री नॉट थ्री, म्हंजे ली एनफिल्ड रायफलीची ३०३ ची गोळी आली, म्हणून ती पण रयतेला बंद. मग हिंदुस्थानात कुठल्या पलटणीकडं नाही अशी गोळी शोधली, ती सापडली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेची, आठ मिलिमीटरची मॅनलिकर. तिलाच आपण ३१५ बोअर म्हणतो. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं ली एनफिल्डच्याच यंत्रणेवर ही नळी बसवून रायफली पाठवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यानं तीच पुढं चालवली. म्हंजे आज तालुक्यात एखाद्या जुन्या घरात ३१५ भिंतीवर दिसली तर ती दिसायला थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण असते आणि पोटात गोळी परक्या बादशहाची. थर्टी नॉट सिक्सचं पण तसंच, ती अमेरिकन सैन्याची १९०६ ची गोळी, पण आपल्या सैन्याची नव्हती म्हणून इथं लायसनवर मिळू शकते. पोलिसांनासुद्धा यातनं सुटका नव्हती, ली एनफिल्डची नळी मोठी करून त्यांच्यासाठी ४१० ची मस्केट, म्हंजे गुळगुळीत नळीची बंदूक, केली होती, कुणी हिसकावून नेली तरी तिच्यात लष्करी काडतूस चालू नये म्हणून.

ही भीती हवेतली नव्हती हे साताऱ्यानंच दाखवून दिलं. १९४२ नंतर प्रतिसरकार उभं राहिलं ते याच पट्ट्यात, तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हताच, १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. प्रतिसरकारच्या लढाऊ दलाची, कुंडलच्या तूफान सेनेची गोष्ट वाचताना मला हे सारखं जाणवतं की माणसं होती, काळीज होतं, आणि हत्यार मिळवायला मात्र केवढी यातायात. एवढा लढाऊ मुलूख आणि घरात नीट चालणारी बंदूक शंभरात एकाकडं नाही.

स्वातंत्र्य मिळालं, १९५९ चा नवा आर्म्स ॲक्ट आला, १९६२ पासून लागू झाला, गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण लष्करी बोअर बंद ही जुनी रेघ तशीच राहिली. शेतकऱ्यासाठी त्या कायद्यात एक ओळ आहे ती मात्र वाचण्यासारखी आहे. पीक राखायला लायसन मिळेल ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि ठासणीनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, ती पण वीस इंचांपेक्षा आखूड नळी नको. पीक राखायच्या त्या ओळीत रायफल हा शब्दच नाही. म्हंजे जगात काडतुसाच्या बंदुका येऊन शंभर वर्षं होऊन गेली होती तेव्हा आपल्या शेतकऱ्याच्या हातात कायद्यानं दिली ती दारू ठासायची नळी.

आमच्या आज्ज्याकडं तीच होती. दारू, चिंध्या, शिसं, गजानं ठासायचं, वर बार उडवणारी टोपी बसवायची, आणि पावसाळ्यात रात्रभर ती टोपी कोरडी ठेवायची म्हणून आज्जा माळ्यावर बसल्यावर बंदूक घोंगड्यात आणि स्वतः भिजत. बार एकच. तो चुकला की परत ठासेपर्यंत कळप दुसऱ्या ओढ्याला पोचलेला असायचा, आणि नुसता जखमी झाला तर अजून वाईट, कारण मोठ्या नराच्या खांद्यावर कातड्याखाली कुर्च्यासारखा घट्ट थर असतो, बारीक छर्रे त्यात अडकतात, मरत तर नाही पण चिडलेला एकांडा उसात जाऊन बसतो आणि सकाळी पाणी पाजायला जाणाऱ्या माणसावर येतो. आज्जा म्हणायचा, ही डुकरं मारायची नाही, डुकरांना आवाज ऐकवायची बंदूक हाय. काडतुसाच्या बारा बोअर बंदुकवाले त्यातल्या त्यात बरे, खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस, एलजी म्हंजे जाड छऱ्यांचं नाहीतर एकच मोठी गोळी असलेलं, पण ते पन्नास पावलांच्या आतलं काम, आणि उसाच्या कडेला अंधारात तेवढं अंतर कुणाला कळतंय. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची हे वेगळंच, आज्ज्याची एकदा अशी ऐन शेंगांच्या दिवसात गेली होती ते तो मरेपर्यंत बोलून दाखवायचा.

तेवढ्यात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. नागपंचमीच्या जिवंत नागांमुळं शिराळ्याला हा कायदा पाठ आहे, पण डुकराच्या बाबतीत लोकांना अजून अर्धवट माहिती असते. सुरवातीला शिकारीची लायसनं होती, १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. रानडुक्कर आधी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हंजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत होतं, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा दुसऱ्या अनुसूचीत आलं. बिहार आणि उत्तराखंडात २०१५-१६ च्या दरम्यान ठराविक भागापुरतं, ठराविक मुदतीसाठी त्याला उपद्रवी जाहीर केलं होतं. नाहीतर रस्ता एकच, कलम ११, पिकाचं नुकसान होतंय म्हणून अर्ज, आणि वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता, वाटे घालून खायचं नाही. बंदुकीचं लायसन आहे म्हणून डुक्कर मारता येतं असं समजणारे आमच्याकडं अजून आहेत, आणि ती समजूत महागात पडते.

आणि याच काळात इकडं डुकरांना दिवस चांगले आले. कोयना, वारणेचं पाणी फिरलं, कारखाने आले, जिथं ज्वारी-बाजरीची उघडी रानं होती तिथं बारा-बारा, अठरा-अठरा महिने उभा ऊस आला. डुकराला आणखी काय पाहिजे, आत सावली, चिखल, खायला ऊस, बाहेर भुईमूग आणि मका, माणूस आत शिरू शकत नाही. वर कोयना आणि सागरेश्वर अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. मला ही रानं राहिलीत याचा आनंदच आहे, पण डुक्कर रानात राहत नाही, आमच्या उसाच्या खोडव्यात राहतं, आणि तिथं त्याच्यामागं वाघ येत नाही.

सरळ मार्ग इतका लांबचा झाला की लोक वाकड्या मार्गाला लागले. कुंपणात करंट सोडायचा, नाहीतर पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवायचा. आमच्या शेजारच्या शिवारात असाच गोळा एका म्हशीनं चावला, जबडा गेला, दोन दिवस ती नुसती उभी होती, पाणी पिता येईना. ते बघितल्यापासनं मी या विषयावर गप्प बसत नाही. बॉम्बपेक्षा आणि तारेपेक्षा परवानगीच्या कागदावर नेमबाज माणसाच्या हातनं सुटलेली एक गोळी जनावराला पण बरी आणि माणसाला पण.

तर पोरांनो, ३०८ का क्रीडमोर हे राहू द्या, सेमी-ऑटो, म्हंजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल तर सामान्य माणसाला मिळतच नाही. आधी वनखात्याचा कागद, मग ज्याच्याकडं आधीपासनं लायसन आहे असा माणूस, आणि त्याच्या घरात जे असेल ते. आमच्या भागात ते म्हंजे मोठ्या गोळीची बारा बोअर, किंवा कुणाची वडिलोपार्जित ३१५, सॉफ्ट नोज म्हंजे मऊ टोकाच्या गोळीची. ती रायफल असलेली घरं आमच्या आसपासच्या गावात मोजून तीन, आणि त्यातल्या दोघांची वयं सत्तरीच्या पुढं आहेत.