गाझाची ‘फुकटची वीज’

‘इस्रायल गाझाला वर्षानुवर्षं फुकट वीज देत होता’ हा फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतो. वीज जात होती हे खरं. ऑक्टोबर 2023 पूर्वी दहा वाहिन्यांवरून सुमारे 120 मेगावॉट. पण फुकट नव्हे. पॅलेस्टिनी भागात येणाऱ्या मालावरचा कर इस्रायलच गोळा करतो. तो रामल्लाच्या (वेस्ट बँकमधल्या) पॅलेस्टिनी प्रशासनाला देण्याआधी विजेचे पैसे त्यातून कापले जात. 2017 मध्ये रामल्लानेच ‘आम्ही कमी पैसे देऊ’ असं कळवलं आणि इस्रायलने पुरवठा घटवला. फुकटच्या विजेचं बिल कोण कसं कमी करणार?

गाझाचं स्वतःचं वीजकेंद्र 2002 पासून होतं, डिझेलवर चालणारं. जून 2006 मध्ये इस्रायलने त्याचे ट्रान्सफॉर्मर बॉम्बने उडवले. पुढे नाकेबंदीत इंधन मिळेल तेवढीच वीज. 2017 मध्ये घरात दिवसाला जेमतेम चार तास वीज असे. लोडशेडिंग आपणही भोगलंय, पण तिथे पाणी वर चढवायला पंप लागतो; वीज असताना नळाला पाणी नसेल, तर गच्चीवरची टाकी कोरडीच. 11 ऑक्टोबर 2023 ला केंद्राचं इंधन संपलं. इस्रायलकडच्या वाहिन्या त्याआधीच बंद झाल्या होत्या.