डीएनए जुळला म्हणजे नेमकं काय जुळलं?

बलात्कार करून केलेल्या खुनाची बातमी आली की काही दिवसांनी तिच्या पाठोपाठ दुसरी येते: ‘आरोपीचा डीएनए अहवाल पॉझिटिव्ह’. मग सगळीकडून एकच मागणी सुरू होते. पुरावा मिळाला, आता खटला कशाला लांबवता, फासावर द्या. या मागणीमागचा संताप खरा असतो, पण ती ज्या वाक्यावर उभी असते ते वाक्यच चुकीचं आहे. डीएनए अहवाल मलेरियाच्या तपासणीसारखा पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह येत नाही. त्यात असतात आकडे, आणि त्या आकड्यांचा माणसाने लावलेला अर्थ. खुनी माणूस फाशीला पात्र आहे का, हा वाद जरूर घालावा. त्याआधी ‘खुनी हाच’ हे कसं ठरलं, ते समजून घ्यायला हवं, कारण दिलेली फाशी परत घेता येत नाही.

आपल्या पेशीत आईकडून आलेली सुमारे 300 कोटी अक्षरं असतात आणि वडिलांकडून आलेली तितकीच. कोणत्याही दोन माणसांत यातली जवळपास 99.9 टक्के अक्षरं सारखीच असतात. प्रयोगशाळा हा सगळा मजकूर वाचत नाही. ती 20 ते 24 ठरलेल्या जागा बघते. या जागांवर बहुतेक वेळा चार अक्षरांचा एक तुकडा पाठोपाठ पुन्हा पुन्हा येतो. उदाहरणार्थ, 11व्या गुणसूत्रावर ‘टीएच01’ नावाची जागा आहे. तिथे ‘एएटीजी’ हा तुकडा कुणाकडे सलग सहा वेळा येतो, कुणाकडे नऊ वेळा. काहींच्या दहा तुकड्यांपैकी एकातलं एक अक्षर गळालेलं असतं, त्याला 9.3 म्हणतात. आईचा एक आकडा आणि वडिलांचा एक, म्हणून प्रत्येक जागी दोन आकडे. माणसाची ‘डीएनए ओळख’ म्हणजे अशा चाळीसेक आकड्यांची यादी. माणूस कसा दिसतो, कसा वागतो, गुन्हेगार आहे का, यातलं काहीही त्या यादीत नसतं.

हे आकडे मोजण्याआधी त्या जागांच्या प्रती काढाव्या लागतात. एका पेशीत जेमतेम 6.6 पिकोग्रॅम डीएनए असतो. चांगला निकाल यायला अर्धा ते एक नॅनोग्रॅम लागतो, म्हणजे 75 ते 150 पेशी. नमुना सुमारे 95 अंशांपर्यंत तापवला की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तो साधारण 60 अंशांवर आणला की प्रायमर नावाचे छोटे तुकडे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटतात आणि पॉलिमरेज हे विकर मधला भाग भरून काढतं. ही पीसीआरची एक फेरी झाली. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणून 28 फेऱ्यांनंतर एका धाग्यापासून हिशेबाने 26 कोटींहून जास्त प्रती मिळतात. नंतर त्या केसासारख्या बारीक नळीतून विजेच्या दाबाखाली धावतात. लहान तुकडा आधी पोहोचतो, मोठा मागून. लेझरखाली त्यांचा रंग चमकतो आणि कागदावर शिखरांचा आलेख उमटतो. त्याचं नाव इलेक्ट्रोफेरोग्राम. शिखर कुठे आहे यावरून पुनरावृत्तींचा आकडा कळतो आणि त्याच्या उंचीवरून डीएनए साधारण किती होता ते.

या सगळ्या रचनेतली सर्वांत विलक्षण गोष्ट मला पॉलिमरेजच्या एका चुकीत दिसते. एकच तुकडा दहा-पंधरा वेळा ओळीने आला की विकर घसरतं. जुन्या धाग्यातला एक तुकडा फुग्यासारखा बाहेर येतो आणि नकलेत तो गळतो. म्हणजे खरा आकडा 15 असेल तर 15च्या मोठ्या शिखराआधी 14वर एक बुटकं शिखर दिसतं. त्याला स्टटर म्हणतात. त्याची उंची बहुधा मूळ शिखराच्या 5 ते 15 टक्के असते. नमुना एकाच माणसाचा असेल तर हे ओळखणं सोपं आहे. आता समजा, नखाखालचा नमुना मुख्यतः मृत व्यक्तीचा आहे. एका जागी तिचे आकडे 12 आणि 15 आहेत आणि दोन्ही शिखरं 2000 एककांची आहेत. सोबत 11वर 150चं आणि 14वर 210चं शिखर आहे. आरोपीच्या यादीत त्याच जागी 14 आहे. मग 14वरचं शिखर हल्लेखोराचं की विकर घसरल्याचं? हल्लेखोराचा डीएनए एकूण नमुन्याच्या दहावा हिस्सा असेल, तर त्याचं खरं शिखरही याच उंचीचं येईल. निव्वळ त्या शिखराकडे बघून याचं उत्तर देता येत नाही.

नमुना फारच थोडा असेल, समजा वीसेक पेशी, तर उलट अडचण येते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत दोनपैकी एका आकड्याची प्रत निव्वळ योगायोगाने निघाली नाही, तर तो आकडा शेवटपर्यंत मागे पडतो आणि आलेखात दिसतच नाही. म्हणजे आरोपीचा आकडा आलेखात नसला तर ‘गळाला असेल’ म्हणता येतं, आणि असला तर ‘जुळला’. दोन्ही दारं उघडी असतील तर मधून कुणीही आत येऊ शकतं.

म्हणूनच आधी काय पाहिलं याला महत्त्व आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खऱ्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यातला मिश्र नमुना 17 तज्ज्ञांना दाखवला, पण खटल्याची माहिती दिली नाही. मूळ तपासणीत ‘आरोपीला वगळता येत नाही’ असा निष्कर्ष निघाला होता. या 17 जणांपैकी फक्त एकाने तोच निष्कर्ष काढला. 12 जणांनी आरोपीला वगळलं आणि चौघांनी ठाम सांगता येत नाही असं म्हटलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2013मध्ये 108 प्रयोगशाळांना तयार मिश्रणांचे आलेख पाठवले. त्यातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या मिश्रणात एका संशयिताचा डीएनए नव्हताच, तरी 74 प्रयोगशाळांनी तो आत असल्याचं धरलं. या प्रयोगशाळा निष्काळजी होत्या म्हणून असं झालं नाही. मिश्रणाचा अर्थ लावण्याचे नियमच तोकडे होते. उपाय साधा आहे: घटनास्थळाच्या नमुन्यातली खरी शिखरं कोणती, हे आधी लिहून सही करायची आणि आरोपीचा आलेख त्यानंतरच उघडायचा. आजकाल मिश्रणांसाठी संगणकाने शक्यता-गुणोत्तर काढतात, म्हणजे आरोपीचा डीएनए आत असेल तर असा आलेख येण्याची शक्यता, तो नसेल तर असणाऱ्या शक्यतेच्या किती पट आहे ते. ते नक्कीच जास्त भरवशाचं आहे. पण त्यालाही मिश्रणात किती माणसं आहेत हे आधी माणसानेच सांगावं लागतं.

आता जुळण्याचा आकडा. एका जागी दोन आकड्यांचं समाजातलं प्रमाण 20 आणि 10 टक्के असेल, तर ती जोडी 2 × 0.2 × 0.1 म्हणजे 25 जणांत एकाकडे सापडते. अशा दहा जागा जुळल्या तर 25चा दहावा घात, जवळपास 95 लाख कोटींत एक. पूर्ण यादी जुळते तेव्हा पुरावा खरोखरच जबरदस्त असतो, याबद्दल शंका नको. पण सडलेल्या नमुन्यातून चार-पाच जागाच मिळाल्या आणि आकडा ‘दहा लाखांत एक’ आला, तर? 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. तेवढ्यांत सुमारे 112 जण जुळतील. ‘दहा लाखांत एक’ याचा अर्थ ‘आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक’ असा लावणं हा गणितातला दोष आहे, आणि तो वकिलांच्या युक्तिवादात आणि बातम्यांत सर्रास आढळतो. शिवाय हे गणित अनोळखी माणसांसाठी आहे. सख्ख्या भावांचे आकडे एकेका जागी दोन्हीच्या दोन्ही जुळण्याची शक्यता निदान 25 टक्के असते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जातीत आणि मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तिथे नात्यासाठीची दुरुस्ती न करता हा आकडा सांगूच नये.

वाय गुणसूत्राच्या चाचणीत तर याहून मोठी मेख आहे. नमुन्यात स्त्रीचा डीएनए भरपूर आणि पुरुषाचा नखभर असेल तेव्हा ही चाचणी फार उपयोगी पडते, कारण ती फक्त पुरुषाचा डीएनए बघते. मात्र वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आजोबा, काका, चुलतभाऊ सगळ्यांचे आकडे बहुधा एकच. अशा चाचणीत ‘जुळला’ याचा अर्थ अख्खी भावकी जुळली. गावातल्या खुनात संशयित नेमके त्याच भावकीतले असतात.

हे सगळं नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यानंतरचं. खरी नासाडी बहुतेक वेळा त्याआधीच होते. रक्ताचा किंवा वीर्याचा डाग सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत जिवाणू वाढतात आणि त्यांची विकरं डीएनएचे तुकडे पाडतात. चाचणीतल्या जागा साधारण 100 ते 450 अक्षरांच्या असतात. त्यातल्या लांब जागा आधी जातात आणि आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो. पावसाळ्यात हे फार झपाट्याने होतं. जीन्सची निळ आणि मातीतली ह्यूमिक आम्लं पॉलिमरेजलाच अडवतात. तुलनेसाठी घेतलेलं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत आणि 4 अंशांवर असायला हवं. प्रत्येक पाकिटाला सील, सीलचा नमुना, पंचांच्या सह्या आणि पाकीट कुणाकडून कुणाकडे कधी गेलं त्याची नोंद हवी.

बाहेरचा डीएनए आत येण्याचे प्रकार तर थक्क करणारे आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये चाळीसेक गुन्ह्यांत एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता. 2009मध्ये उलगडा झाला की तो नमुने टिपायचे कापसाचे बोळे तयार करणाऱ्या कामगार बाईचा होता. बोळे निर्जंतुक होते, डीएनएमुक्त नव्हते. कॅलिफोर्नियात 2012मध्ये एका खुनातल्या मृताच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. त्याच्यावर मृत्युदंड होऊ शकणारा आरोप ठेवला गेला आणि तो पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात होता. खुनाच्या वेळी तो नशेत रुग्णालयात पडून होता. त्याला तिथे नेणारं पथकच काही तासांनी खुनाच्या जागी गेलं होतं. बहुधा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून डीएनए पुढे गेला.

आपल्याकडे दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात फेब्रुवारी 2012मधले नमुने 14 आणि 16 तारखेला जप्त झाले आणि 27 तारखेला प्रयोगशाळेत गेले. तोवर ते पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत पडून होते. सत्र न्यायालयाने तिघांना फाशी ठोठावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. नोव्हेंबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांना सोडलं, तेव्हा निकालात नोंदवलं की डीएनए निष्कर्षांचा मूळ आधार काय आणि तंत्र नीट वापरलं का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. ज्या मुलीचा इतक्या क्रूरपणे खून झाला तिच्या आईवडिलांच्या हाती काय उरलं? वर्षानुवर्षं ‘फाशी द्या’ म्हणणाऱ्या कुणी नमुन्यांचे ते दिवस विचारले असते, तर कदाचित खरा गुन्हेगार ठरवता आला असता.

डीएनए नसलेले पुरावे याहून डळमळीत असतात. नाशिकजवळच्या 2003च्या हत्याकांडात सर्वोच्च न्यायालयाने 2009मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली होती. त्याच न्यायालयाने 2019मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं, कारण प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं आणि ते न्यायालयापासून दडवलं गेलं होतं. आणि विज्ञानाच्या नावावर खपवलेल्या ‘ब्रेन मॅपिंग’चं काय? 2008मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात त्याचा आधार घेऊन जन्मठेप दिली होती. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याची ‘अनुभवजन्य स्मृती’ दिसते, या दाव्याला स्वतंत्र पडताळणीचा पाया नव्हता. अंगात आलेल्या भगताला चोर विचारण्यापेक्षा ते फार पुढे नव्हतं. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये दिला.

तमिळनाडूतल्या 2011च्या दुहेरी खुनात फाशी झालेल्या माणसाची सुटका करताना जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणारे आदेश दिले. तपास अधिकाऱ्याने नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा. खटला चालू असताना सत्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. नमुना घेतल्यापासून शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत ताब्याची नोंदवही ठेवायची आणि ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडायची. माझ्या मते यात आणखी दोन गोष्टी हव्यात. इलेक्ट्रोफेरोग्राम आणि कोऱ्या नमुन्याचा (ज्यात डीएनए मुद्दाम घातलेलाच नसतो) आलेख अहवालासोबत आरोपीच्या वकिलाला मिळालाच पाहिजे, कारण सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुरावा म्हणून वाचता येतो आणि दोन ओळींच्या निष्कर्षाची उलटतपासणी होत नाही. दुसरी गोष्ट मुद्देमालाची. आपल्याकडे निकालाच्या शेवटी बहुधा ‘अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा’ असं वाक्य असतं. खुनाच्या खटल्यात डागाचा एक तुकडा तरी राखून ठेवला पाहिजे.

अमेरिकेत मेरीलँडमध्ये नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी कर्क ब्लड्सवर्थ यांना 1985मध्ये मृत्युदंड झाला. पाच साक्षीदारांनी त्यांना ओळखलं होतं. फेरखटल्यात त्याची जन्मठेप झाली, म्हणून ते जिवंत राहिले. डीएनए तपासणी मागितली तेव्हा पुरावा नष्ट झाल्याचं सांगितलं गेलं. नंतर तो न्यायाधीशांच्या दालनातल्या कपाटात, एका कागदी पिशवीत सापडला. 1993मध्ये त्या डागाने त्यांना सोडवलं. 2003मध्ये त्याच पुराव्यातला डीएनए गुन्हेगारांच्या साठ्यात जुळला. तो माणूस ब्लड्सवर्थ यांच्याच तुरुंगात, त्यांच्या खालच्या मजल्यावर शिक्षा भोगत होता.