झॉम्बी उद्रेक : बचावासाठीचे वाचन

झॉम्बींचा उद्रेक झाल्यास तग धरता यावा म्हणून आधीच वाचून ठेवण्याजोगे लेखन. मेलेली माणसे उठून जिवंतांना चावू लागतात आणि ज्याला चावा बसतो तोही त्यांच्यात सामील होतो, अशी या उद्रेकाची रूढ कल्पना आहे. ती काल्पनिक असली, तरी तिच्या निमित्ताने सुचवले जाणारे वाचन बरेचसे खऱ्या जगाचे आहे. किंबहुना त्यातील सर्वांत उपयोगी पुस्तकांत झॉम्बी औषधालाही सापडत नाही. (मराठीतील ‘झोंबी’ म्हणजे झटापट. या शब्दाशी प्रस्तुत प्राण्याचे उच्चारापलीकडे नाते नाही. प्रसंग मात्र शेवटी झोंबीवरच येतो.)

कॅरिबियन बेटांवरील हैती या देशात वूडू हा लोकधर्म पाळला जातो, त्याच्या समजुतींमधला मूळ झॉम्बी कोणाला चावत नाही. तो मांत्रिकाच्या ताब्यात गेलेला, इच्छाशक्ती हरवून राबणारा देह आहे आणि त्याच्यामागे गुलामगिरीच्या मळ्यांची आठवण आहे. मांस खाणाऱ्या मृतांच्या झुंडी जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने रूढ केल्या, मात्र त्या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. हा इतिहास रंजक असला, तरी बचावाच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही.

थेट बचावाला वाहिलेले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे मॅक्स ब्रूक्स यांचे ‘द झॉम्बी सर्व्हायव्हल गाइड’ (२००३). ते विनोदी आहे, पण त्याचा चेहरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गंभीर राहतो. शस्त्रे, निवारा आणि प्रवास यांविषयीच्या त्यातील सूचना खऱ्या मार्गदर्शिकेच्या भाषेत आहेत. मात्र त्या बेतल्या आहेत त्या एकाच शत्रूला डोळ्यांपुढे ठेवून. वरच्या मजल्यावर जाऊन जिना तोडून टाकावा, हा सल्ला ज्याला चढता येत नाही अशा शत्रूपुढे उत्तम ठरतो, पण त्याच इमारतीला आग लागली तर तोच प्राणघातक होतो. त्यामुळे हे पुस्तक विचार करण्याची सवय लागावी म्हणून वाचावे, सूचना पाठ करण्यासाठी नव्हे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने मे २०११ मध्ये झॉम्बींच्या नावाने आपत्कालीन तयारीची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा वाचकांच्या गर्दीने संकेतस्थळ कोलमडले. माहिती मात्र नेहमीचीच होती : पाणी, टिकाऊ अन्न, औषधे, महत्त्वाची कागदपत्रे आणि कुटुंबाने ताटातूट झाल्यास कुठे भेटायचे याचा आधी ठरवलेला ठिकाणा. झॉम्बीला तोंड देण्याची तयारी असेल, तर वादळ आणि भूकंप यांची तयारी आपोआप होते, हा त्यामागचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याच्या सामरिक विभागातील अधिकाऱ्यांनी नियोजनाच्या प्रशिक्षणासाठी ‘कॉनप्लॅन ८८८८’ हा झॉम्बीविरोधी आराखडा तयार केला. शत्रू म्हणून झॉम्बीच निवडले, कारण खऱ्या देशाचे नाव घेतले असते, तर सराव हाच खरा बेत समजला गेला असता. झॉम्बींचे प्रकार पाडताना या आराखड्याने कोंबड्यांनाही जागा दिली आहे, आणि खरोखर अस्तित्वात असलेला तेवढा एकच प्रकार, असे तेथे गंभीरपणे नोंदवले आहे.

गणिताची आवड असलेल्या वाचकाने फिलिप मुन्झ आणि सहकाऱ्यांचा २००९ चा शोधनिबंध वाचावा. साथरोगांसाठी वापरली जाणारी समीकरणे त्यांनी झॉम्बींना लावली. साध्या साथीत बरा झालेला किंवा मेलेला रुग्ण गणितातून बाहेर पडतो, येथे मात्र मेलेला परत येतो, त्यामुळे नुसते विलगीकरण विनाश लांबवते, टाळत नाही. लवकर आणि वारंवार केलेला जोरदार प्रतिकारच टिकाव धरू देतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या नकाशावर असाच उद्रेक चालवून पाहिला, तेव्हा दाट वस्ती झपाट्याने पडली आणि उत्तर रॉकी पर्वतातील विरळ वस्तीचा प्रदेश दीर्घकाळ सुरक्षित राहिला.

तरीही प्रत्यक्ष उद्रेकात माणसे चाव्यापेक्षा दूषित पाणी, चिघळलेल्या जखमा आणि जुलाब यांनी अधिक मरतील, असे मानण्यास जागा आहे. या बाबतीत डेव्हिड वर्नर यांच्या ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ या पुस्तकाला तोड नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतील आरोग्यसेवकांसाठी मुळात स्पॅनिशमध्ये लिहिलेले हे पुस्तक चित्रांच्या आधारे, कमी शिकलेल्या वाचकालाही कळेल असे समजावते. पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट, तर समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळू द्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून रुग्णाला वरचेवर पाजावे. या दोन गोष्टी माहीत असणे कुऱ्हाडीपेक्षा अधिक जीव वाचवते. मानवतावादी मदतकार्यासाठीचे ‘स्फिअर’ हे मानकपुस्तक माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी धरते. कुंपणाआड किती जण राहू शकतील, हे भिंतीच्या उंचीवरून नव्हे, तर या आकड्यावरून ठरवावे.

चाव्याविषयी वाचायचे असेल, तर रेबीजवरचे वैद्यकीय साहित्य पुरे. तो विषाणू चाव्यातून पसरतो, मेंदूपर्यंत पोचतो आणि वागणे बदलून टाकतो. मात्र लक्षणे दिसण्यास सामान्यतः दोन ते तीन महिने लागतात आणि जखम लगेच साबण व पाण्याने निदान १५ मिनिटे धुऊन लस घेतली, तर रोग टळतो. लक्षणे सुरू झाल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कथेतला चावा काही तासांत काम उरकतो, तेव्हा रेबीजमधून उपाय उचलता येणार नाही, पण जखम धुण्याची घाई नक्की उचलावी.

चावलेला माणूस बाही खाली ओढून जखम लपवतो, हा झॉम्बीकथांतला ठरलेला प्रसंग. त्याची मुळे समजून घेण्यासाठी डॅनियल डेफो यांचे ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ (१७२२) वाचावे. १६६५ च्या लंडनमधील प्लेगचे हे निवेदन आठवणींच्या रूपात लिहिलेले आहे, जरी त्या वर्षी लेखक जेमतेम पाच वर्षांचा होता. आजारी माणसासह सगळ्या घराला कुलूप ठोकून दाराशी पहारेकरी बसवले जात, त्यामुळे घरातले लोक आजार दडवत, पहारेकऱ्यांना चुकवून पळत आणि रोग पुढे नेत. शिक्षा जितकी कठोर, तितके लपवणे अधिक, हे त्यातून उघड होते. आपल्या गटात कोणाला चावा बसला तर काय करायचे, हा नियम आधी ठरवताना या पुस्तकाची आठवण ठेवावी.

माणसे संकटात पशू होतात, हे कथांचे दुसरे गृहीतक. ते मात्र तपासून पाहिले गेले आहे. एन्रिको क्वारांटेली यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांना आपत्तींच्या अभ्यासात सामूहिक घबराट क्वचितच आढळली. रेबेका सोलनिट यांनी ‘अ पॅराडाइज बिल्ट इन हेल’ (२००९) मध्ये १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपापासूनच्या प्रसंगांत अनोळखी लोकांनी उभारलेली सामुदायिक स्वयंपाकघरे आणि निवारे टिपले आहेत. एकट्याने रानात निघून जाण्याचा बेत असणाऱ्याने जॉन वाइझमन यांची ‘एसएएस सर्व्हायव्हल हँडबुक’ (१९८६; एसएएस हे ब्रिटिश सैन्यातील विशेष दल) जरूर वाचावी, पण सोलनिट यांच्यानंतर. ही सगळी पुस्तके छापील प्रतींत असलेली बरी, कारण वीज गेल्यावर पडद्यावरचे पान उघडत नाही. आणि प्रथमोपचाराचे प्रकरण तर रक्त वाहू लागल्यावर उघडण्याचे नसतेच, पट्टी बांधून पाहत एकदा आधी वाचण्याचे असते.