आयआयटीत सिग्नल प्रोसेसिंगची पीएचडी: अर्ज नेमका कुठे अडतो

'सिग्नल प्रोसेसिंग' (आवाज, प्रतिमा, ईसीजी अशा संकेतांवर प्रक्रिया करून त्यातली माहिती काढणं) नावाचा विभाग शोधत बसू नका. आयआयटी मुंबईत हा विषय इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये, कम्युनिकेशनच्या जोडीने येतो. बेंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्था) तो इलेक्ट्रिकल आणि ईसीई (इलेक्ट्रिकल कम्युनिकेशन) अशा दोन्ही विभागांत आहे. ईसीजी-ईईजीवर काम करायचं असेल तर बायोमेडिकल बघा, आवाज किंवा प्रतिमांवर असेल तर कॉम्प्युटर सायन्सही.

एमटेक नसेल तर पीएचडी नाही, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. बीई झालेल्यांनाही थेट घेतात, फक्त गुणांची अट कडक असते. सोबत गेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. तिचा स्कोअर निकालापासून 3 वर्षं चालतो; परीक्षा ज्या वर्षी दिली ते वर्ष धरून अंदाज बांधू नका, स्कोअरकार्डावरची तारीख वाचा. फॉर्म, फी, फोटो, सही हे सगळं ऑनलाइन, अर्ध्या तासाचं काम.

खरी रड दाखल्यांची. ओबीसी विद्यार्थी राज्याचा जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि 3 वर्षांचं नॉन-क्रिमीलेअर अशी जाडजूड फाइल घेऊन येतात, आणि त्यातलं एकही तिथे पुरत नाही. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमीलेअर) दाखला हवा असतो, तोही चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिल किंवा त्यानंतरचा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी तपासा. राज्याची यादी वेगळी.

गंमत अशी, की जुलैच्या प्रवेशाचे अर्ज बहुधा मार्चच्या आसपास भरायचे आणि दाखला मात्र एप्रिलनंतरचा! अशा वेळी बऱ्याच संस्था 'दाखला नंतर देतो' असं हमीपत्र घेतात; नमुना माहितीपत्रकाच्या शेवटी असतो, जिथवर कुणी पोचत नाही. हमीपत्र दिलं की लगेच सेतू गाठा. मुलाखतीचं पत्र आल्यावर प्रांत कार्यालयात खेटे घालणारे मी दरवर्षी बघतो.

मराठा विद्यार्थ्यांचं एसईबीसी प्रमाणपत्र इथे चालत नाही. ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर ते काढा, पण केंद्राच्या नियमात 8 लाखांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर शेतीचीही अट आहे: कुटुंबाकडे 5 एकर किंवा जास्त जमीन असेल तर अपात्र. कोरडवाहू सहा एकरांत काय पिकतं, हे नियम करणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.

दुसरा अडथळा सीजीपीएचा. दहाने गुणून टक्के लिहू नका. विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. ते हातात पडायला किती दिवस लागतील, याचा भरवसा धरू नका.

नोकरी करून पीएचडी करायची असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र संस्थेच्याच नमुन्यात लागतं. एचआरने आपल्या मनाने लिहून दिलेलं 'आमची हरकत नाही' चालत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांनी क्यूआयपीची (शिक्षकांच्या उच्चशिक्षणासाठीची योजना) वाट वेगळी तपासावी.

आणखी एक घोटाळा. प्रकल्पासाठी 'जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) हवा' अशी जाहिरात निघते, मुलं रुजू होतात आणि आपण पीएचडीला लागलो असं घरी सांगतात. ती प्रकल्पाची नोकरी आहे. प्रकल्प संपला की संपली. पीएचडीचा अर्ज, लेखी परीक्षा आणि मुलाखत वेगळी द्यावीच लागते. विद्यावेतनाचा आकडा मात्र सारखाच दिसतो, जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 आणि नंतर 42,000. म्हणून नेमणुकीच्या पत्रावर 'प्रवेश' हा शब्द आहे का, ते सही करण्याआधी बघा.