आडवं चाक, खोक्यातला वारा आणि एक चुकीचा आकडा

१९०१ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या डेटन शहराच्या रस्त्यांवरून एक विचित्र सायकल भरधाव जाताना दिसायची. तिच्या हँडलच्या पुढे तिसरं चाक होतं, तेही आडवं आणि मोकळं फिरणारं. चाकाच्या कडेला एका जागी वाकवलेला छोटा पंख उभा बसवलेला, दुसऱ्या जागी सपाट पट्टी. समोरून येणारा वारा पंखाला एका दिशेला फिरवू बघणार, पट्टीला उलट दिशेला. चाक जागच्या जागी राहिलं, की दोघांचा जोर सारखा. हिशेबाप्रमाणे पंख वाऱ्याशी ५ अंशांचा कोन करून असताना हा तोल साधायला हवा होता. प्रत्यक्षात लागले १८ अंश.

सायकलवाले राइट बंधू, विल्बर आणि ऑरविल, यांचं गावात सायकलचं दुकान होतं. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किटी हॉकच्या वाळूवर त्यांनी आपला नवा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवून पाहिला होता. पंख २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद. एवढा मोठा पंख, पण उचल मिळाली ती हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश. माणूस उडेलही, पण आपल्या हयातीत नाही, अशा अर्थाचं काहीतरी विल्बर परतीच्या वाटेवर वैतागून बोलून गेला.

हिशेबासाठी त्यांनी वापरलेला तक्ता होता ओटो लिलिएंटालचा. हा जर्मन अभियंता बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवायचा आणि करकोच्यांचे पंख अभ्यासायचा. पंखाचा वाऱ्याशी कोन किती असला की उचल किती मिळते, याची मोजमापं त्याने १८८९ साली छापली. मग १८९१ पासून स्वतःच बनवलेले पंख अंगाला अडकवून तो टेकड्यांवरून झेपावू लागला. बर्लिनजवळ तर त्याने या कामासाठी स्वतःची टेकडीच उभारली. पाच वर्षांत सुमारे २००० झेपा, त्यातल्या सर्वांत लांब २५० मीटरच्या घरात. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचा ग्लायडर हवेत अडखळून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

अशा माणसाच्या तक्त्यावर संशय घ्यायचा म्हणजे धाडसच. पण उचलीच्या सूत्रात आणखी एक आकडा दडलेला होता: ०.००५. वारा अमुक वेगाने वाहत असेल तर चौरस फुटावर किती दाब पडतो, हे सांगणारा. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने तो ओळखला जाई. स्मीटनने पवनचक्क्यांवर लिहिलं ते १७५९ मध्ये, आणि तेव्हापासून हा आकडा पुस्तकातून पुस्तकात उतरत आला होता. आता चूक तक्त्यात, की या आकड्यात?

इथे त्या दोघांनी जी युक्ती केली, ती मला पुढच्या उड्डाणाइतकीच थोर वाटते. दुकानाच्या माडीवर त्यांनी ६ फूट लांब आणि १६ इंच चौरस असं लाकडी खोकं ठेवलं. एका टोकाला पंखा, वरून बघायला काच. आत हॅकसॉची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार यांपासून बनवलेला नाजूक तराजू. त्याच्या वरच्या दांडीवर पंखाची प्रतिकृती, खालच्या दांडीवर सपाट पट्ट्या. पट्ट्यांवरचा दाब आणि पंखाची उचल यांची ओढाताण होऊन काटा एका कोनावर स्थिरावायचा आणि त्या कोनावरून उचलीचं प्रमाण थेट मिळायचं. दोघांवर वारा एकच. त्यामुळे वाऱ्याचा वेगही मोजायला नको आणि स्मीटनचा आकडाही नको. दोन्ही बाजूंनी ते आपोआप कटतात! काळजी घ्यायची ती एवढीच, की मापं घेताना खोलीत कोणी इकडेतिकडे हलायचं नाही, नाहीतर खोक्यातला वारा बिघडायचा.

पत्रा कापून, ठोकून त्यांनी सुमारे २०० आकार करून पाहिले आणि त्यातले चाळीसेक डिसेंबरपर्यंत बारकाईने मोजले. निष्कर्ष असा, की लिलिएंटालचा तक्ता त्याच्या पंखापुरता बराचसा बरोबर होता. राइटांनी तो आपल्या वेगळ्या, आखूड-रुंद पंखाला लावला, ही त्यांची चूक. आणि स्मीटनचा आकडा? स्वतःच्या ग्लायडरवर मोजलेल्या ओढीवरून त्यांनी तो काढला ०.००३३. म्हणजे दीडपट फुगवलेला आकडा शंभराहून जास्त वर्षं बिनदिक्कत चालू होता. गंमत म्हणजे, खरा आकडा याहून कमी असल्याचं सॅम्युअल लँगली या मोठ्या शास्त्रज्ञाने आधीच मोजलं होतं. त्याच लँगलीचं विमान, सैन्याचे ५०,००० डॉलर लागलेलं, ८ डिसेंबर १९०३ रोजी पोटोमॅक नदीत पडलं.

राइटांचा १९०२ चा ग्लायडर या मापांवर बेतलेला होता: पंख ३२ फूट लांब, पण रुंदी फक्त ५ फूट. त्या वर्षी शेकडो वेळा तो वाळूवरून तरंगला. पुढच्या इंजिनाच्या विमानाला ढकलणारा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, हाही गोल फिरणारा पंखच, हे ध्यानात आल्यावर तोही त्यांनी त्याच तक्त्यांवरून घडवला. इंजिन दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत उभं केलं, बारा अश्वशक्तीचं. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑरविल १२ सेकंदांत १२० फूट गेला आणि त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट कापले.

खोक्यात तपासलेले ते बोटाएवढे पोलादी पंख आज फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.